पोटापाशी कोपर उचल

सागाचा हा तुकडा आमच्याच मागाचा.
भंगारवाला वजनावर माग नेत होता
तेव्हा एवढाच मागून घेतला, हातभर.
भाचीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं
वीस-वीस अंश मोजले,
दोन तिरकी भोकं पाडली
आणि उभ्या केल्या चिनी मातीच्या दोन दांड्या,
मंगळवार बाजारात नव्वद रुपयांना मिळालेल्या.
नायना म्हणाले, हे काय, सशाचे कान?

माग गेल्यावर बारा वर्षं त्यांनी
उभ्या सायकलवर पायडल मारत दगड फिरवला.
घोंगडे वस्तीतल्या विडीवाल्या बायकांच्या कात्र्या,
खानावळीच्या सुऱ्या, एकदा तर न्हाव्याचा वस्तरा.
त्यांच्या पायजम्यांना गुडघ्यापाशी
ठिणग्यांची बारीक भोकं असायची,
मी कधी रफू केली नाहीत, नवी पडायचीच.
आता उजवा हात थरथरतो.
दगड काही लपवत नाही,
जेवढं हाताचं थरथरणं
तेवढी धारेला दातरं.

मी म्हटलं, ह्यात कोन तुम्ही नाही धरायचा.
कोन दांड्यांनी धरलाय.
तुम्ही पातं फक्त उभं ठेवा, ओळंब्यासारखं,
आणि खाली या.
डावीकडून एक. उजवीकडून एक.
ते तेलुगूत मोजायला लागले,
ओकटी, रेंडु, मूडु,
जसे पूर्वी ताण्याचे तुटलेले धागे मोजायचे.
सरळ सुऱ्या जमल्या.
चौथ्या दिवशी टोमॅटो नुसत्या वजनानं कापला गेला
तेव्हा ते काही बोलले नाहीत,
दुसरा टोमॅटो मागितला.

मग दस्तगीर कुरेशी आला,
शुक्रवारच्या आदल्या दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीत,
कातडी सोलायचा चाकू घेऊन.
केळ्यासारखा वाकडा, पोट सुटलेला.
नायनांनी वीस वीस हात मारले. म्हणाले, झालं.
मला शंका आली.
टॉवेलवर कापायची खूण करायचं निळं पेन
माझ्या पर्समध्ये कायम असतं, कारखान्याचं.
धारेवर आख्खी निळी रेघ ओढली
आणि म्हटलं, आता मारा.

मुठीजवळची शाई गेली.
टोकाजवळचीही थोडी.
पण पोटावर, जिथं पातं वळतं,
तिथं निळं तसंच, कोरं, हात न लागलेलं.
एवढे दिवस आपण काय घासत होतो, ते म्हणाले.
हसले नाहीत.

कितीतरी वेळ आम्ही त्या वळणाकडे बघत बसलो.
मग मी त्यांचं कोपर खालून धरलं.
पातं वळायला लागलं की कोपर वर,
थोडं, आणखी थोडं,
म्हणजे दांडीला धार प्रत्येक जागी आडवीच भेटेल.
नायना म्हणाले, पोटासाठी हात उचलावा लागतोय, बघ.
विनोद जुनाच होता. मी तरी हसले.
शाई गेली.
बोटाला पलीकडून बारीक कुसळ लागलं,
बाजू बदलली, हलक्या हातानं तेही गेलं.

संध्याकाळी दस्तगीरनं मनगटावरचे केस उडवून पाहिले.
मान हलवली. मग टोक उन्हाकडे धरलं.
धार लई भारी हाय, म्हणाला,
पन टोक खाल्लं की वो नायना.
खरंच खाल्लं होतं.
शेवटच्या हाताला पातं दांडीवरून सुटायचं
आणि टोक दर वेळी थोडं थोडं गोल होत गेलं,
मी कोपर बघत होते, टोकाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
त्यानं पूर्ण पैसे काढले.
नायनांनी दहा रुपये परत केले,
तो नको म्हणत असताना त्याच्या खिशात घातले.

रात्री पाणी प्यायला उठले.
दिवे गेले होते. पंखा बंद, घर तापलेलं.
ते फरशीवर बसले होते
आणि दांडीवरून भाकरीचं उलथनं ओढत होते,
बोथट, गोल कडेचं.
ओकटी, मग थांबणं.
रेंडु, मग थांबणं.
कड संपायच्या बोटभर आधी
प्रत्येक वेळी थांबत होते,
आणि थांबल्या जागी
उलथनं चिनी मातीवर
टिकटिक टिकटिक वाजत होतं.